किती विमानं पाडली, हा प्रश्नच चुकीचा: वैमानिकाच्या छातीवरचं पदक कसं वाचायचं

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने, ऑपरेशन सिंदूरमधल्या कामगिरीबद्दल हवाई दलाच्या नऊ अधिकाऱ्यांना वीर चक्र जाहीर झालं. बातमी आली आणि घरोघरी, ऑफिसात, व्हॉट्सॲपच्या गटांत एकच प्रश्न सुरू झाला: यांनी किती विमानं पाडली? प्रश्न स्वाभाविक आहे. क्रिकेटपटूची धावसंख्या बघायची सवय लागलेल्या आपल्याला सैनिकाचंही मोजमाप आकड्यातच हवं असतं. पण या आकड्यावरून वैमानिक कळत नाही. आपल्या हवाई दलातली सर्वांत मानाची काही पदकं अशा माणसांकडे गेली आहेत ज्यांनी एकही विमान पाडलं नाही. काहींनी तर एक गोळीसुद्धा झाडली नाही. मग ती मिळाली कशासाठी, हे समजून घ्यायला आधी पदकांची थोडी ओळख हवी.

## पदकांच्या दोन रांगा

आपल्याकडे शौर्याची पदकं दोन रांगांत आहेत. पहिली रांग शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र. ही २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली, कारण मधल्या काळात काश्मीरचं युद्ध होऊन गेलं होतं. दुसरी रांग शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्याची: अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. पेटलेलं विमान उतरवणं, पुरातून माणसं काढणं, चाचणीच्या उड्डाणात मृत्यूशी गाठ पडणं, हे सगळं या रांगेत येतं.

याशिवाय वायुसेना पदक आहे. ते शौर्यासाठीही देतात आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. परम विशिष्ट सेवा पदक, अति विशिष्ट सेवा पदक ही मात्र दीर्घ आणि उत्तम सेवेची पदकं. युद्धातल्या नेतृत्वासाठी युद्ध सेवा पदकांची मालिका वेगळी आहे. एअर मार्शलच्या छातीवर पाच-सहा रंगीत पट्ट्या दिसल्या म्हणजे ते पाच-सहा वेळा मरणाच्या दारातून परत आले असं नाही. त्यातल्या काही पट्ट्या मोहिमेत भाग घेतल्याच्या, काही सेवेच्या वर्षांच्याही असतात. वाचणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

पदकाची शिफारस युनिटच्या प्रमुखाकडून निघते. तिथून वरच्या मुख्यालयांत, मग संरक्षण मंत्रालयाच्या समितीकडे, आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीला जाते. सोबत असतं मानपत्र, म्हणजे त्या माणसाने कोणत्या परिस्थितीत काय केलं याचा अधिकृत मजकूर. पदकाचं नाव सगळे वाचतात. खरी गोष्ट मानपत्रात असते.

## कॉकपिटमध्ये वेळ किती असतो

लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदाला पाव किलोमीटर जातं. विमान दहा हजार फुटांवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर उंचावर आहे आणि नाक खाली करून याच वेगाने सरळ कोसळतंय असं धरलं, तर हातात बारा सेकंद उरतात. हे वाक्य वाचायलाच तेवढा वेळ लागतो.

त्यात शरीराची अवस्था बघा. विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाचं वजन कित्येक पट झाल्यासारखं होतं. याचं माप म्हणजे 'जी'. एक जी म्हणजे जमिनीवर आपल्याला जाणवतं तेवढं वजन. नऊ जी असतील तर सत्तर किलोचा माणूस स्वतःला ६३० किलोचा भासतो. डोक्यातलं रक्त पायाकडे ओढलं जातं, आधी रंग दिसेनासे होतात, मग कडेचं दिसणं जातं, मग अंधारी येते, आणि त्यापुढे शुद्ध हरपते. म्हणून वैमानिक पोट आणि पाय आवळणारा खास पोशाख घालतात, स्नायू ताणून ठराविक पद्धतीने श्वास रोखायला शिकतात. हे सगळं करत असतानाच मान मागे वळवून शत्रू शोधायचा, इंधन बघायचं, रेडिओवर बोलायचं आणि निर्णय घ्यायचा.

असा निर्णय हीच पदकाची खरी जागा आहे, असं मला ठामपणे वाटतं. धाडस लागतंच, पण नुसत्या धाडसाला हवाई दलात फार किंमत नसते. उगाच जोखीम घेणाऱ्या वैमानिकाला पदक मिळत नाही, त्याची चौकशी होते. समोर दोन वाटा आहेत, त्यातली सोपी वाट नियमात बसते, ती घेतली तर कुणी बोट दाखवणार नाही, आणि तरीही माणूस पूर्ण समजून-उमजून दुसरी वाट धरतो: मानपत्रांतून पुन्हा पुन्हा हेच दिसतं.

## उडी मारायची मुभा असताना

१२ ऑक्टोबर २०२०. विंग कमांडर वरुण सिंग तेजस विमान घेऊन एकटेच निघाले होते. विमानाच्या काही यंत्रणांची मोठी दुरुस्ती झाली होती, ती नीट झाली का हे तपासण्यासाठी हे उड्डाण होतं. खूप उंचावर कॉकपिटमधला हवेचा दाब राखणारी यंत्रणा निकामी झाली. त्यांनी बिघाड ओळखला आणि विमान खाली आणायला घेतलं. उतरताना दुसरा, त्याहून भयंकर बिघाड झाला. विमानावर ताबा ठेवणारी संगणकीय यंत्रणाच बंद पडली. तेजसमध्ये असं पूर्वी कधी झालं नव्हतं. विमान भराभर उंची गमावत, नाक वर-खाली आपटत कोसळू लागलं. त्यांनी ते आवरलं. मग दहा हजार फुटांवर तेच पुन्हा झालं.

आता घाटातल्या एसटीचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. ब्रेक गेलेत, गाडीत प्रवासी नाहीत, दार उघडं आहे, आणि उडी मारलीस तर तुला कुणी दोष देणार नाही असं आगारानेच सांगून ठेवलंय. तो मात्र स्टिअरिंग सोडत नाही. कारण गाडी खाली कुणावर जाऊन पडेल ठाऊक नाही, आणि ब्रेक का गेले हे कळलं नाही तर उद्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या गाडीत प्रवासी असतील.

वरुण सिंग यांना विमान सोडून पॅराशूटने बाहेर पडायची पूर्ण मुभा होती. त्यांनी विमान सुखरूप उतरवलं. मानपत्रात त्यांच्या कौशल्याबरोबर याचीही नोंद आहे की विमान शाबूत परत आल्यामुळे बिघाडाचं नेमकं कारण शोधता आलं आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून उपाय करता आले. तेजस आपल्याकडेच घडवलेलं विमान आहे. असा बिघाड अपघातानंतरच्या अवशेषांतून शोधणं किती अवघड गेलं असतं, याची कल्पना करा.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना शौर्य चक्र जाहीर झालं. पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या शाळेच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी मुलांना सांगितलं होतं की मी स्वतः शाळेत सर्वसाधारणच विद्यार्थी होतो, सर्वसाधारण असण्यात काही वावगं नाही, पण जे हाती घ्याल त्यात जीव ओता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात तेही होते. आठवड्याने, १५ डिसेंबरला, बंगळुरूच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

## श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१

हवाई दलाला आजवर एकच परमवीर चक्र मिळालं आहे, ते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांना. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातले हे तरुण अधिकारी १८ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये नॅट विमान चालवत. नॅट म्हणजे अगदी चिमुकलं लढाऊ विमान.

त्यांच्या मानपत्राची सुरुवात एका कोरड्या वाटणाऱ्या वाक्याने होते, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती. युद्ध सुरू झालं तेव्हाच ती तिथे आली. म्हणजे सेखों यांना त्या दऱ्याखोऱ्यांची ओळख नव्हती, तिथल्या उंचीची आणि डिसेंबरच्या थंडीची सवय नव्हती. शौर्य कोणत्या परिस्थितीत घडलं हे आधी सांगितलंय, कारण त्याशिवाय पुढचं मोजताच येत नाही.

त्या सकाळी सहा पाकिस्तानी सेबर विमानं श्रीनगरच्या तळावर आली. सेखों आणि त्यांचे लीडर फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन उड्डाणासाठी सज्ज होते. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना विमान हलवणं म्हणजे उघड्यावर सरळ रेषेत धावत सुटणं. त्या क्षणी विमान ना लढू शकतं, ना वळू शकतं. सेखों यांनी तशातच उड्डाण केलं. धुरळ्यात आणि धुक्यात घुम्मन यांची आणि त्यांची चुकामूक झाली, आणि सेखों एकटे पडले. मानपत्रानुसार त्यांनी एका सेबरवर मारा केला आणि दुसरं पेटवलं. लढत झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर चालली होती. अखेर संख्याबळापुढे त्यांचं विमान पडलं. अवशेष डोंगराच्या घळीत सापडले, त्यांचं पार्थिव मिळालं नाही.

इथेही आकड्यावर वाद आहेच. पाकिस्तानची नोंद वेगळं सांगते. पण ज्यांनी त्यांचं विमान पाडलं त्या पाकिस्तानी वैमानिकानेच पुढे सेखों यांच्या लढण्याचं कौतुक लिहिलं. दोन पाडली की एकच जखमी केलं, यावर ते परमवीर चक्र उभं नाही. एकट्याने सहांच्या अंगावर जायचं ठरवलं, त्यावर ते उभं आहे.

## एकही गोळी न झाडता

विंग कमांडर जगमोहन नाथ यांना महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६२ च्या आणि १९६५ च्या कामगिरीसाठी. दोनदा महावीर चक्र मिळवणारे ते पहिले अधिकारी. त्यांचं हत्यार होतं कॅमेरा. कॅनबेरा विमानातून ते तिबेट आणि अक्साई चीनवर शिरून चिनी सैन्याच्या हालचालींचे फोटो काढून आणत. सोबत लढाऊ विमानांचं संरक्षण नाही. पकडले गेलो तर काय होईल याची खात्री नाही. आणि परत आल्यावर दाखवायला फक्त फिल्म. त्या फोटोंमध्ये चीनची जमवाजमव स्पष्ट दिसत होती, आणि वरच्यांनी ती गांभीर्याने घेतली नाही, ही खंत त्यांनी म्हातारपणी मुलाखतींतून बोलून दाखवली. निवृत्तीनंतर ते मुंबईत राहत होते. किती मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे?

वैमानिक मेहर सिंग यांचंही तसंच. २४ मे १९४८ ला त्यांनी लेहमध्ये डकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. सिंधूच्या काठी घाईघाईने केलेली धावपट्टी, धड नकाशा नाही, प्राणवायूची सोय नाही, पंखांवरचा बर्फ वितळवणारी यंत्रणा नाही, आणि वाटेत झोजी ला खिंडीची उंची ओलांडायची. ते उतरले म्हणून मागून सैन्य विमानाने जाऊ शकलं आणि लेह हातचं गेलं नाही. पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं.

तिसरं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटावं असं. ३ फेब्रुवारी १९५२ ला फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास एका छोट्या डेव्हन विमानातून लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लखनौहून दिल्लीला नेत होते. हवेत इंजिनाला आग लागली. बिस्वास यांनी विमान संडीलाजवळ शेतात उतरवलं, सगळे वाचले. आत होते श्रीनागेश आणि थिमय्या, दोघेही काही वर्षांनी लष्करप्रमुख झाले. आणि होते आपले कोल्हापूरकडचे शं. पां. पा. थोरात, ज्यांनी पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीनच्या हल्ल्याचा इशारा १९६२ च्या आधीच देऊन ठेवला होता. नाथ यांच्या फोटोंसारखाच तोही इशारा दुर्लक्षित राहिला. बिस्वास यांना मिळालेलं अशोक चक्र हे हवाई दलाचं पहिलं अशोक चक्र.

## मग विमान पाडण्याला काहीच किंमत नाही का?

आहे, नक्कीच आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश दलातून लढणाऱ्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. असा पराक्रम कुणी कमी लेखू नये.

पण आकडा फसवा असतो. हवेतल्या लढतीत गोळी लागलेलं विमान धूर सोडत ढगात जातं. ते पडलं की तळावर पोचलं, हे मारणाऱ्याला दिसतच नाही. ३ सप्टेंबर १९६५ ला आपले नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानचं सेबर पाडल्याची नोंद झाली, त्यांना वीर चक्र मिळालं. ते विमान जखमी अवस्थेत परत आलं, असं पाकिस्तानचं म्हणणं. ते खरं धरलं तरी एक गोष्ट बदलत नाही. ज्या सेबरचा तेव्हा दबदबा होता त्याच्याशी छोटं नॅट समोरासमोर भिडू शकतं, हे त्या दिवसापासून आपल्या वैमानिकांना कळलं. स्क्वॉड्रनचा आत्मविश्वास कुठल्याही तक्त्यात मांडता येत नाही.

## साक्षीदारच नसेल तर?

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. वैमानिक एकटा असतो. तो परत आला नाही तर त्याने काय केलं हे सांगणार कोण?

स्क्वॉड्रन लीडर अज्जमडा बोपय्या देवय्या कर्नाटकातल्या कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५ ला आदमपूरहून मिस्टेअर विमानांचा ताफा पाकिस्तानच्या सरगोधा तळावर गेला. देवय्या राखीव होते, ऐनवेळी त्यांना जागा मिळाली. परतीच्या वाटेवर पाकिस्तानचं स्टारफायटर आडवं आलं. मिस्टेअर आवाजाच्या वेगाच्या आतलं विमान, स्टारफायटर त्याच्या दुपटीने पळणारं. देवय्या यांचं विमान आधीच जखमी झालं होतं. तरी ते भिडले. स्टारफायटर पडलं, त्याचा वैमानिक अमजद हुसेन पॅराशूटने उतरून वाचला. देवय्या वाचले नाहीत, तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना पुरलं.

भारतात मात्र ते फक्त बेपत्ता होते. हकीकत उजेडात आली ती कैक वर्षांनी, एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने लिहिलेल्या वृत्तांतातून. त्या हल्ल्याचं नेतृत्व केलेल्या ओ. पी. तनेजा यांनी मग पाठपुरावा केला, आणि १९८८ मध्ये, तब्बल तेवीस वर्षांनी, महावीर चक्र जाहीर झालं. म्हणजे व्यवस्थेतून सुटलेला माणूस नंतर सापडू शकतो. पण त्यासाठी कुणीतरी पाठीशी लागावं लागतं. आणि शत्रूच्या नोंदीतही जे उरले नाहीत, अशांची नावं कुठल्याच यादीत येणार नाहीत, हेही मान्य करायला हवं.

## पदकं मरणोत्तरच जास्त का?

सर्वोच्च पातळीवर हे खरं आहे. आजवरच्या एकवीस परमवीर चक्रांपैकी चौदा मरणोत्तर आहेत. त्या पातळीच्या प्रसंगातून जिवंत परतणं मुळातच दुर्मीळ असतं. पण पदकासाठी मरावं लागतं असा नियम नाही. जगमोहन नाथ दोन्ही पदकं घेऊन नव्वदी ओलांडेपर्यंत जगले. कारगिलमध्ये २७ मे १९९९ ला वैमानिक नचिकेता यांच्या विमानाचं इंजिन बंद पडून ते पॅराशूटने उतरले, तेव्हा स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा त्यांना शोधत त्या धोक्याच्या भागावर थांबले. क्षेपणास्त्र लागून त्यांचं विमान पडलं. ते पॅराशूटने बाहेर पडले, पण वाचले नाहीत. त्यांना वीर चक्र मिळालं ते सहकाऱ्याला सोडून न जाण्यासाठी. ते परतले असते तरी ती कृती तेवढीच मोठी होती.

## आता तर सगळं संगणकच करतो

असं म्हणणाऱ्यांनी तेजसचा प्रसंग पुन्हा वाचावा. तेजससारखं आधुनिक लढाऊ विमान संगणकाशिवाय हवेत स्थिरच राहू शकत नाही, आणि म्हणूनच तो संगणक थांबला की आधीच्या कुठल्याही पिढीपेक्षा वैमानिकाचं काम अवघड होतं. धोका आता नजरेपलीकडूनही येतो, क्षेपणास्त्र दिसायच्या आधी इशारा वाजतो, आणि निर्णयाला सेकंद आणखी कमी मिळतात.

वीरता पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर जुन्या विजेत्यांची माहिती आणि मानपत्रं वाचायला मिळतात. १९४८ किंवा १९७१ चं मानपत्र उघडलं तर तारीख, ठिकाण, विमान, सगळं दिसतं. ताज्या मोहिमांचं तसं नसतं. कोणतं विमान, कुठून उडालं, कशावर मारा केला, हे गुप्त ठेवावं लागतं, म्हणून मजकूर मोघम असतो. ऑपरेशन सिंदूरच्या त्या नऊ जणांनी नेमका कोणत्या क्षणी कोणता निर्णय घेतला, हे बारकाव्यानिशी कळायला आपल्याला बहुधा बरीच वर्षं थांबावं लागेल. तोवर फोनवर फिरणारे ठाम आकडे पुढे पाठवायची घाई करू नये.